तबकडीचा वेग आणि गाण्याची लय

रत्नागिरीहून गणपतीपुळ्याकडे किनाऱ्याच्या रस्त्यानं निघालं की वाटेत आरे-वारे लागतं. तिथल्या आमच्या जुन्या घरात चावीचा एक ग्रामोफोन होता. खाऱ्या हवेनं त्याच्या सुया डबीतच गंजायच्या आणि पावसाळ्यात तबकड्यांवर बुरशीचा पांढुरका थर चढायचा. वाजण्याजोग्या तबकड्या सहा-सात. त्यांतली एक अब्दुल करीम खाँसाहेबांची, झिंझोटीतली ठुमरी. चावी पुरती दिलेली नसली की शेवटच्या अर्ध्या मिनिटात खाँसाहेब ‘बसू’ लागत. सूर खाली घसरायचा, शब्द लांबायचे, तबला चिखलातून चालल्यासारखा वाजायचा. मग आजोबा उठून चावी देत आणि आवाज कण्हत कण्हत पुन्हा आपल्या जागी चढायचा. आम्हा मुलांना ही सगळ्यात मोठी गंमत वाटे. कधी कधी आम्ही मुद्दामच चावी अर्धी देत असू.

त्या गमतीत एक गोष्ट होती, तिचा अर्थ फार उशिरा लागला. यंत्र मंदावलं की सूर आणि लय दोन्ही एकदम, एकाच प्रमाणात उतरत. एकाला धक्का न लावता दुसरं हलत नसे. जुन्या ध्वनिमुद्रिका ऐकून त्या काळच्या गायकीविषयी आपण जी विधानं करतो, त्यांतली निम्मी तरी या साध्या गोष्टीपाशी अडतात.

विधानं ओळखीची आहेत. विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन-तीन दशकांतली तबकडी लावली की ऐकणाऱ्यांत कुणीतरी हमखास म्हणतो, ‘केवढं घाईत गायलंय!’ त्यावर दोन उत्तरं तयार असतात. एक, तेव्हाची यंत्रं जलद चालत, खरं गाणं इतकं जलद नव्हतंच. दुसरं, तीन मिनिटांत उरकायचं होतं, म्हणून बिचाऱ्यांनी लय वाढवली. दोन्ही उत्तरं आपल्याला सोयीची आहेत, कारण ती मानली की आज मैफलीत ऐकू येणारा अतिविलंबित ख्याल हाच परंपरेचा मूळ ठेवा ठरतो आणि तबकडी ही त्याची नाइलाजानं झालेली चुरगळ. ती नाकारली, तर विलंबित म्हणून आपण विद्यार्थ्यांना जे शिकवतो त्याचं वय किती, हा प्रश्न विचारावा लागतो. शिकवणारी मंडळी या प्रश्नावर चटकन चिडतात, असा माझा अनुभव आहे.

आधी यंत्राचं पाहू. हिंदुस्थानात व्यापारी ध्वनिमुद्रण सुरू झालं नोव्हेंबर 1902 मध्ये. ग्रामोफोन कंपनीचा फ्रेडरिक गायस्बर्ग कलकत्त्याला उतरला आणि गौहर जान यांच्यासह अनेकांचे आवाज त्यानं मेणावर कोरून घेतले. आपल्या मराठी मुलखापुरती चुटपुट लावणारी गोष्ट अशी, की किर्लोस्कर मंडळींचे भाऊराव कोल्हटकर 1901 च्या फेब्रुवारीतच गेले. पावणेदोन वर्षांनी चुकामूक झाली. गायस्बर्गनंतर दर एक-दोन वर्षांनी नवा ध्वनिमुद्रक नवं सामान घेऊन येत राहिला. मेणाची चकती फिरवणारं यंत्र वजनाच्या ओढीवर चाले, विहिरीवरच्या रहाटासारखं, आणि त्याचा वेग गव्हर्नर नावाच्या नियंत्रकानं ध्वनिमुद्रक स्वतः बांधून घेई. मिनिटाला 78 फेऱ्या हा आकडा पुढं रूढ झाला. विजेवरचं ध्वनिमुद्रण येईपर्यंत, म्हणजे 1925 नंतरच्या काळापर्यंत, 74 पासून 82 पर्यंत काहीही सापडू शकतं. काही लेबलांवर 78 छापलेलं असे, काहींवर 80, बऱ्याच लेबलांवर काहीच नसे.

आता हिशोब करू, तो अवघड नाही. 74 फेऱ्यांवर कोरलेली तबकडी आपण 78 वर वाजवली, तर वेग साधारण साडेपाच टक्क्यांनी वाढतो. पेटीवर एका पट्टीपासून लगतच्या पट्टीपर्यंत जायला सहा टक्के लागतात. म्हणजे काळी एकमध्ये गाणारा गायक जवळजवळ पांढरी दोनमध्ये ऐकू येईल. आवाज थोडा बारीक होईल, कोवळा वाटेल. आणि लय? मिनिटाला 60 मात्रांची लय 63 वर जाईल. घड्याळ न लावता हा फरक सांगू शकेल असा श्रोता मला तरी भेटलेला नाही. यंत्राच्या चुकीमुळं विलंबिताचं मध्यलयीत रूपांतर व्हायचं, म्हणजे लय दुप्पट व्हायची, तर तबकडी 39 फेऱ्यांवर कोरलेली असायला हवी, आणि मग गायक एक सप्तक वर, चिमणीसारखा चिवचिवताना ऐकू आला असता. तसं कुठंच होत नाही. तेव्हा ‘मशीन फास्ट होतं’ हे उत्तर पट्टीच्या वादाला लागू आहे, आवाजाच्या पोताविषयीच्या वादालाही लागू आहे, लयीच्या वादाला नाही.

या पाच-सहा टक्क्यांचाही माग काढता येतो, आणि तो काढणं हा या अभ्यासातला सर्वांत रंजक भाग आहे. लेबलालगतच्या गुळगुळीत पट्ट्यात मेणावर खरडलेला मातृकेचा क्रमांक दिसतो. लागोपाठचे क्रमांक म्हणजे बहुधा एकाच बैठकीत, एकाच यंत्रावर, वेग न बदलता झालेलं काम. त्या बैठकीत एकच पेटी पाच गायकांना साथीला असेल आणि पाचही तबकड्यांत तिचा स्वर दोन पट्ट्यांच्या मध्येच कुठंतरी लटकत असेल, तर पाचही गायक बेसूर नसतात, वेग चुकलेला असतो. यावर आक्षेप असा, की त्या पेटीचा स्वर तरी प्रमाण कशावरून? आक्षेप बरोबर आहे. फ्रेंच प्रमाणाच्या सुरांत षड्ज-पंचमाचं माप ज्या मूळ स्वरावर बेततात तो 435 कंपनांचा, तर जुन्या इंग्रजी वाद्यवृंदांतला 452 च्या आसपासचा. आपल्याकडच्या पेट्यांत पत्त्या कुठूनही आलेल्या असत. पण या दोन टोकांमधलं अंतरसुद्धा चार टक्क्यांचंच. लयीचा संशयही तेवढाच उरतो.

याहून सोपी एक कसोटी कलावंतांनीच आपल्या हातात दिली आहे. सुरुवातीच्या वर्षांत मेणाच्या चकत्या छपाईसाठी जर्मनीत हॅनोव्हरला जात. कलकत्त्याजवळ सियालदहला कारखाना निघाला तो 1908 मध्ये. तिथल्या कारागिराला गाणारी बाई कोण, हे कसं कळावं? म्हणून गाणं संपताच कलावंत कर्ण्यात आपलं नाव पुकारत. गौहर जान यांची इंग्रजीतली पुकार प्रसिद्धच आहे. पुढच्या पिढ्यांना ती हास्यास्पद वाटली, काही पुनर्मुद्रणांत ती कापलीही गेली. पण अभ्यासकाला ती सोन्याच्या मोलाची आहे. गाण्याची लय किती असावी हे आपल्याला माहीत नसतं. माणूस बोलतो कसा, हे मात्र आपला कान जन्मापासून जाणतो. वेग तीन-चार टक्क्यांनी चुकला तरी गाणं खपून जातं, बोलणं खपत नाही. पुकार नैसर्गिक वाटेपर्यंत वेग फिरवावा आणि मग मागं जाऊन गाणं ऐकावं.

दुसरं उत्तर तीन मिनिटांचं. हे जास्त वजनदार आहे. दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर सव्वातीन मिनिटं म्हणजे डोक्यावरून पाणी. बारा इंची असली तर चार-साडेचार. आज प्रचलित असलेल्या अतिविलंबित एकतालात एक मात्रा चार सेकंदांची धरली, तर बारा मात्रांचं आवर्तन 48 सेकंदांचं होतं. तीन मिनिटांत चार आवर्तनंही पुरी होत नाहीत. स्थायी भरायला एक, अंतऱ्याला एक. बढत कुठं करायची आणि तान कुठं घ्यायची? तेव्हा अशा लयीतला ख्याल तबकडीवर येणं शक्यच नव्हतं, हे मान्य. पण ‘येणं शक्य नव्हतं’ आणि ‘लय वाढवून आणला’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गायकापुढं तिसरा रस्ता होता: तो ख्याल न गाता दुसरं काही गायचं. जुन्या तबकड्यांत ठुमरी, भजन, तराणा, नाट्यपद, छोटा ख्याल यांचा एवढा भरणा आहे, त्याचं हे एक कारण. तीन मिनिटांनी निवड बदलली. लय किती बदलली हे वेगळं तपासावं लागतं.

ते तपासण्यासाठी एकाच गायकाचं, एकाच मर्यादेतलं, दोन काळांतलं गाणं समोर हवं. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या (1872–1937) रूपानं ते आहे. 1905 च्या सुमारास त्यांच्या पहिल्या तबकड्या निघाल्या, त्या कर्ण्यावरच्या. त्यांत आवाज भरदार आहे, ताना आणि सरगम झपाट्याच्या आहेत. ‘किराण्याची संथ आलापी’ या ठरीव कल्पनेनं कान तयार झालेल्या माणसाला गायक ओळखू येणार नाही. पुढं मिरजेला स्थिरावलेल्या खाँसाहेबांच्या दुसऱ्या तबकड्या 1930 नंतरच्या, मायक्रोफोनवरच्या. झिंझोटीची ठुमरी त्यांतलीच. बाजू तेवढीच, मिनिटं तेवढीच. पण गाण्याला घाई म्हणून नाही. सूर लावला आहे, तो टिकवला आहे, मधली रिकामी जागा रिकामीच सोडली आहे. तीन मिनिटांमुळंच माणूस घाईत गातो असं असतं, तर हे गाणं झालंच नसतं.

मग मधल्या तीस वर्षांत काय बदललं? खाँसाहेबांचं वय वाढलं, रुची बदलली, हे झालंच. पण कर्णा जाऊन मायक्रोफोन आला, हे मला त्याहून मोठं कारण वाटतं. कर्ण्याच्या टोकाशी असलेला पडदा केवळ आवाजाच्या धक्क्यानं हलायचा आणि सुई मेण कापायची. त्याला हळू स्वर ऐकूच येत नसे. तंबोरा जवळजवळ नाहीसा होई, तबला दूर बसवत, नाहीतर त्याच्या थापेनं सुई उडे. अशा कर्ण्यापुढं तोंड घालून, षड्जाचा आधार नीट ऐकू न येता, हलका मींडकाम केलेला आलाप कोण करील आणि केला तरी कोरला काय जाईल? कर्ण्याला मानवते ती फेकलेली, दाणेदार, जोरकस तान. तेव्हा कर्ण्याच्या काळातल्या तबकड्यांत दिसतं ते लय वाढवणं कमी आणि जोरकस अंगाची निवड जास्त. आपण ज्याला घाई म्हणतो तिच्यात ठेका किती जलद आहे आणि ठेक्यात भरलेलं काम किती दाट आहे, हे दोन्ही मिसळलेलं असतं. मात्रा मोजल्या तर पुष्कळदा ठेका साधा मध्यलयीचाच निघतो.

मात्रा मोजणं हे सांगायला सोपं आहे, आपल्या परंपरेत ते कधी कुणी केलं नव्हतं. युरोपात मेल्त्सेलचा मेट्रोनोम 1815 पासून होता आणि संगीतकार छापील पानावर मिनिटाला किती ठोके ते लिहीत. भातखंडे यांनी शेकडो चिजा स्वरलिपीत उतरवल्या. त्यांत ताल आहे, सम आहे, खाली आहे. ‘विलंबित’ हा शब्दही आहे, आकडा नाही. तो असणारही नव्हता, कारण आपल्याकडे विलंबित हे मध्याच्या तुलनेत विलंबित, आणि मध्य कोणती हे गुरूच्या हातात. त्यामुळं 1900 च्या आसपासच्या लयीचा लेखी पुरावा शोधू जाल तर विशेषणं मिळतील. आकडा हवा असेल तर तबकडीकडंच जावं लागतं.

हा पेच फक्त आपला नाही. स्कॉटलंडचा फिडलवादक जेम्स स्कॉट स्किनर (1843–1927) उतारवयात कर्ण्यापुढं वाजवून गेला. फिडल म्हणजे व्हायोलिनच, लोकनृत्याच्या साथीला वाजणारं. त्याच्या तबकड्यांवरून त्या नृत्यसुरावटींची खरी लय कोणती, हा तिथल्या जाणत्यांचा प्रश्न. पण त्यांच्याकडे एक आधार आहे जो आपल्याकडे नाही. स्किनर स्वतः नृत्यशिक्षक होता आणि त्या चालींवर आजही माणसं नाचतात. पाय किती जलद पडू शकतात याला मर्यादा आहे. लय अवाजवी असली तर पायच तक्रार करतात. ख्यालाला पाय नाहीत. त्याला श्वास आहे. एका दमात किती लांबीची तान निघते, मुखडा कुठं दम घेऊन उचलला आहे, हे कर्ण्याच्या तबकडीतही स्वच्छ ऐकू येतं, आणि श्वासाचं माप शंभर वर्षांत बदललेलं नाही. मी हल्ली मात्रांबरोबर दमही मोजतो.

पण या सगळ्यापेक्षा बळकट पुरावा तबकडीच्या बाहेर आहे. ज्यांच्यावर तीन मिनिटांचं बंधन कधीच उरलं नाही असे जुन्या तालमीचे गायक नंतर कसे गायले? ग्वाल्हेरचे कृष्णराव शंकर पंडित 1893 चे, 1989 पर्यंत होते. आकाशवाणी, टेप, एलपी सगळं त्यांनी पाहिलं. हवं तेवढं लांबवायला वेळ मिळाल्यावरही त्यांच्या विलंबिताची लय मोकळी, चालती राहिली. स्थायी-अंतरा सलग ऐकू येईल अशी. जयपूर-अत्रौलीत केसरबाई केरकरांच्या मैफलींची लांब ध्वनिमुद्रणं आहेत, मोगूबाई कुर्डीकरांची आहेत. तिथंही आवर्तन हातातून निसटत नाही. समेवरून समेवर जाताना श्रोत्याला मात्रांचा धागा लागतो. यांच्या गुरुस्थानी असलेल्या अल्लादिया खाँसाहेबांची तबकडी नाही, भास्करबुवा बखल्यांचीही नाही; पण शिष्यांनी वेळ मिळूनही लय उतरवली नाही, ही त्यांच्या लयीविषयीची साक्षच आहे. थोडक्यात, तबकडीत ऐकू येणारी चालती लय ही त्या घराण्यांची स्वतःची लय होती.

इथं थांबलो तर मात्र मीही सोयीचंच उत्तर दिल्यासारखं होईल. किराण्याचेच अब्दुल वहीद खाँ (निधन 1949) यांची लाहोर रेडिओवरची मोजकी ध्वनिमुद्रणं उरली आहेत. त्यांतला दरबारी ऐकावा. झुमऱ्याची ती लय आजच्या कुठल्याही अतिविलंबितापुढं मान खाली घालणार नाही, आणि एलपीचा जमाना तेव्हा अजून उजाडायचा होता. अमीर खाँसाहेबांनी हीच वाट पुढं नेली आणि 1960 च्या सुमारास त्यांचा मारवा-दरबारीचा एलपी आल्यावर ती घराघरांत पोचली. म्हणजे अतिविलंबित लय एलपीनं जन्माला घातली असं नाही. एका वळणाच्या गायकांकडे ती होती, तीन मिनिटांच्या तबकडीत ती मावत नव्हती म्हणून दिसली नाही, आणि वीस मिनिटांची बाजू मिळताच ती इतकी पसरली की इतरांच्या चालत्या विलंबितालाच लोक ‘रेकॉर्डमुळं जलद’ म्हणू लागले. तबकडीनं एक लय लपवली, एलपीनं दुसरी.

आपल्या नाट्यसंगीताला हाच न्याय लावून पाहण्याजोगा आहे, कारण रंगभूमीवरच्या गाण्याला मिनिटांचं बंधन नव्हतंच. 8 जुलै 1921 च्या रात्री बालगंधर्व आणि केशवराव भोसले यांनी मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी संयुक्त ‘मानापमान’ केलं. ती रात्र कुठल्याही तबकडीवर नाही, आणि ऑक्टोबरात केशवराव गेले. बालगंधर्वांच्या तबकड्या मात्र भरपूर आहेत. वन्समोअरच्या गजरात अर्धा-अर्धा तास चालणारं पद तीन मिनिटांत आलं तेव्हा काय गळालं? गळाली ती पुनरावृत्ती आणि फेरफार. पण थिरकवाँच्या हाताखालचा तो डुलता ठेका तबकडीतही डुलतोच, कारण शब्दाचा उच्चार आणि अभिनय ज्या लयीत जमतो तिच्यापलीकडे जायला गंधर्वांना यंत्र भाग पाडू शकलं नाही. साथीला पायपेटी असल्यानं या तबकड्यांचा वेग तपासणंही सोपं जातं. उलट मास्टर दीनानाथांविषयी ‘रेकॉर्ड फास्ट लावली असेल’ असं मी कितीदा तरी ऐकलं आहे. रेकॉर्ड दोन-चार फेऱ्यांनी इकडं-तिकडं असेलही. दीनानाथांचा तो भिंगरीसारखा वेग मात्र त्यांचा आहे. पट्टी खाली आणून पाहा, तानेचा पल्ला तसाच राहतो.

या कामाला शिस्त आली ती संग्राहकांमुळं. ऑस्ट्रेलियाच्या मायकेल किनिअर यांनी ग्रामोफोन कंपनीच्या पहिल्या हिंदुस्थानी ध्वनिमुद्रणांची क्रमांकवार सूची 1994 मध्ये प्रसिद्ध केली. मुंबईत सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स ही संस्था ‘द रेकॉर्ड न्यूज’ काढू लागली. सुरेश चांदवणकरांनी तिच्यासाठी घातलेले कष्ट जाणकारांना ठाऊक आहेत. सूची हातात असली की कुठली तबकडी कुठल्या बैठकीतली हे कळतं, आणि मगच वेगाविषयी बोलण्यात अर्थ राहतो. आजची अडचण निराळीच आहे. मूळ तबकडी फार थोडे जण ऐकतात. बाकीचे ऐकतात ते तिचं कॅसेटवर, तिथून संगणकावर आलेलं रूप, आणि मधल्या प्रत्येक टप्प्यावर कुणीतरी आपल्या मनानं वेग ठरवलेला असतो, खरखर घालवता घालवता श्वासही पुसलेला असतो. खरखर असू द्यावी, असं माझं मत झालं आहे.

गेल्या वर्षी आरे-वारेचा ग्रामोफोन माळ्यावरून काढून स्प्रिंग दुरुस्त करून घेतली. तबकडीखाली कागदाची चिंधी अडकवून, घड्याळ समोर ठेवून फेऱ्या मोजल्या; जुने लोक हेच करत. वेगाचा काटा 78 वर होता, फेऱ्या भरल्या 75. स्क्रू फिरवून 78 केल्या आणि भैरवीतल्या ‘जमुना के तीर’च्या दोन तबकड्या लागोपाठ लावल्या. पहिली रहिमत खाँसाहेबांची. विष्णुपंत छत्र्यांच्या सर्कशीबरोबर हिंडलेले, शेवटी कुरुंदवाडला राहून 1922 मध्ये वारलेले हे ग्वाल्हेरचे गवई. तबकडी अर्थातच कर्ण्यावरची. दुसरी, ज्यांनी त्यांच्या गाण्यावर जीव टाकला त्या अब्दुल करीम खाँसाहेबांची, मायक्रोफोनवरची. ठेक्यावर बोट धरून ऐकलं. दोघांतला फरक माझ्या कानाला ठेक्यापेक्षा शब्द सोडण्याच्या जागेत जाणवला: रहिमत खाँ शब्द फेकून मोकळे होतात, करीम खाँ तो मात्रेपलीकडं धरून ठेवतात. मग वेग पुन्हा 75 वर आणला, लहानपणी ऐकला होता तोच. दोन्ही तबकड्या जवळजवळ पाऊण पट्टी उतरल्या. ठेक्यावरचं बोट होतं तिथंच चालत राहिलं.